पहिल्या यादीतले शेजारी

तुरीच्या शेंगा भरायला लागल्या की मला घरात बसवत नाही. पौषातली थंडी, हरभऱ्याच्या पानांवर दवासारखी साचलेली आंब, शेवटच्या वेचणीची वाट पाहणारी अर्धी वाळकी कपाशी. सकाळी गाडीला किक मारताना बोटं बधिर झालेली असतात आणि तरी मला हसू येत असतं. वनरक्षकाच्या नोकरीला आता बरीच वर्षं झाली. उन्हाळ्यात वणवे, पावसाळ्यात रोपं, उरलेल्या दिवसांत कागद. पण थंडी पडली की मी पुन्हा पहिल्या वर्षाची होते. चोवीस वर्षांची, नव्या खाकी कापडानं मान खाजणारी, आणि मनातून चांगलीच रुसलेली.

रुसायला कारण होतं. ट्रेनिंग संपल्यावर माझ्या सोबतच्या मुलींना मेळघाट मिळाला. माझी जिवाभावाची मैत्रीण सेमाडोहला गेली. साग, बांबू, जिप्सीतून येणारे पर्यटक, आणि वाघ! मला काय मिळालं? अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या शिवेवरचा एक माळ. कमरेएवढं गवत, चार हिवराची झाडं, बोरीची झुडपं आणि मुरमाची टेकाडं. जवळ एक गाव आहे. त्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही; नाव सांगितलं की कॅमेरेवाल्यांच्या गाड्या सुरू होतात.

आमचं घर भाजीवाल्यांचं. अचलपूरकडे थोडी बागायत. वांगी, मेथी, सांबार, म्हणजे कोथिंबीर. बाबा आठवडी बाजारात सांबाराच्या जुड्या बांधता बांधता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "पोरगी माही वाघाच्या राखनीले लागली." मी फोनवर म्हटलं, "बाबा, इथे वाघ नाही."

"मंग काय हाये तिथं?"

"गवत."

बाबा हळूच म्हणाले, "गवताची राखन करते सरकार?"

तो प्रश्न मला महिनाभर पुरला. रोज सकाळी त्या माळावरून फिरताना मी स्वतःलाच विचारायची, की मी नक्की कशाची राखण करते आहे? उत्तर मिळालं ते डिसेंबरात. नाल्याकाठच्या ओल्या मातीत ठसे उमटले होते. कुत्र्यासारखे, पण कुत्र्याचे नव्हेत. कुत्रं भरकटत चालतं, हुंगत, वळत, मागे येत. हे ठसे एका रेषेत होते. कुणीतरी ठरवलेल्या कामाला निघालेलं होतं. मी फोटो काढून सेमाडोहच्या मैत्रिणीला पाठवला. तिचं उत्तर आलं, "कुत्रं असन वं. जेवन कर."

चौथ्या दिवशी मी त्याला पाहिलं. धुकं विरत होतं. तुरीचं शेत संपून गवत सुरू होतं त्या धुऱ्यावर तो उभा होता. लांबलचक पाय, निमुळतं तोंड, वाळल्या गवताचाच रंग. त्यानं माझ्याकडे पाहिलं. घाबरून नाही, रागानंही नाही. आपण रस्त्यात अनोळखी माणसाकडे पाहतो तसं. मग तो वळला आणि गवतात शिरला, आणि गवत हललंसुद्धा नाही. मला ओरडावंसं वाटत होतं. मी बाबांना फोन लावला. मागे बाजाराचा गोंगाट होता.

"बाबा, लांडगा पाहिला मी! खरा!"

"दूर राह्य त्याच्यापासून," बाबा म्हणाले. मग थांबून, "कसा व्हता?"

त्या दुपारी खोलीवर आल्यावर मी ट्रेनिंगचं पुस्तक काढलं. बहात्तर सालचा वन्यजीव संरक्षण कायदा. परीक्षेसाठी मी त्याच्या याद्या घोकल्या होत्या, रेल्वेची स्टेशनं घोकावीत तशा. यादी म्हणजे कायद्याच्या भाषेत अनुसूची. पहिल्या अनुसूचीत ज्याचं नाव, त्याला सगळ्यांत कडक संरक्षण. मी बोट फिरवत गेले. वाघ होता. बिबट्या होता. आणि त्याच अनुसूचीत लांडगा. तोच दर्जा, तोच गुन्हा, तीच शिक्षा. घोकताना हे नाव माझ्या तोंडातून शेकडो वेळा गेलं असेल. त्या दिवशी ते पहिल्यांदा वाचलं. ज्याच्यासाठी जिप्सी नाहीत, तिकिटं नाहीत, कुणाच्या टीशर्टवर ज्याचं चित्र नाही, तो कायद्याच्या पंगतीत वाघाच्या मांडीला मांडी लावून बसला होता. माझा रुसवा त्या दुपारी गेला तो गेलाच. संध्याकाळी बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "मंग वाघाचीच राखन म्हनतो लोकाइले. खोटं तं नाई होत."

सुभद्रामावशीची आणि माझी ओळख झाली ती तिच्या मेलेल्या बकरीपाशी. मावशी धनगराची. पन्नाशी ओलांडलेली, उंच, खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि बोलण्यात धार. भर दुपारी लांडग्यानं तिची बकरी उचलली होती. मी पंचनामा करायला गेले तेव्हा ती बोरीच्या सावलीत बसून माझ्याकडे अशी पाहत होती, जणू मीच बकरी खाल्ली आहे.

"आल्या का सरकारच्या बाई? तुमच्या जनावरानं खाल्ली माही बकरी."

"माझं जनावर नाही मावशी ते."

"मंग कोनाचं हाये? माही बकरी माही. गजाननभाऊ सरपंचाची म्हैस त्याची. लांडगा कोनाचा? कोनाचाच नाई, तं मारू काहून देत नाई? मारू देत नाई, तं तो सरकारचा. मंग बांधून ठेवा ना आपला."

तिच्या बोलण्यात खोट काढता येईना. मी मुकाट्यानं फॉर्म भरला, भरपाई लवकर मिळावी म्हणून स्वतः कागद पुढे नेईन असं म्हटलं. ती थोडी निवळली. काठीनं माळ दाखवत म्हणाली, "मी लगीन करून आली तवा लय व्हते. रोज दिसत. माहे सासरे बिळात पालापाचोया भरून धूर करत. पिल्लं आतच मरत. कोनी मेल्या ढोरात जहर टाके. मंग एका सालापासून दिसनंच बंद झाले. आमाले बी समजलं नाई कवा गेले. इतके साल गेले, अन् आता पाहा, परत येऊन राह्यले."

तिनं ते रागानं सांगितलं होतं. पण "परत येऊन राह्यले" हे शब्द माझ्या कानात वेगळेच वाजले. कुठून आले असतील? किती रात्री चालत, कुठले कुठले रस्ते ओलांडत? आणि नेमके माझ्या बीटच्या हद्दीत, माझ्या पहिल्या हिवाळ्यात!

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मावशी स्वतःच माझ्या खोलीच्या दारात आली. "चाला. दाखवतो काई." तिच्यामागे मी अर्धा तास चालले. नाल्याच्या वरच्या अंगाला मुरमाचं मोठं टेकाड आहे. त्याच्या पोटात, हिवराच्या मुळांखाली एक बीळ होतं. तोंडाशी हाडं, लोकर, आणि तुडवून गुळगुळीत झालेली माती. आम्ही दूर, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, पोटावर पडून राहिलो. पोटाखाली कुसळं टोचत होती. बऱ्याच वेळानं बिळातून एक काळपट डोकं बाहेर आलं. मग दुसरं. मग तिसरं आणि चौथं एकदमच, एकमेकांवर पडत. कान अजून नीट उभे नव्हते. एकानं हिवराच्या मुळाशी भांडण काढलं आणि तो हरला. तेवढ्यात गवतातून मोठा लांडगा आला, त्याच्याभोवती चौघांनी गोंधळ घातला, त्याचं तोंड चाटलं, आणि त्यानं पोटातलं मांस त्यांच्यासमोर ओकून टाकलं. चौघं त्यावर तुटून पडली. मी तोंडावर हात दाबून धरला होता. वाघ मी पुढे मेळघाटात जाऊन पाहिले, छान वाटलं. पण तो आनंद त्या सकाळच्या जवळपासही गेला नाही.

मावशी कुजबुजली, "पाह्यलं? आता घेऊन जा."

"काय घेऊन जा?"

"पिल्लं. गाडी आना, भरा, अन् न्या तुमच्या मेयघाटात. म्हनून तं दाखवलं तुमाले."

मी तिला समजावलं, की पिल्लं उचलता येत नाहीत. कायदा पकडण्यालाही शिकारच म्हणतो, हुसकावून लावण्यालाही. मी सरकारी असले तरी माझ्या मनानं मी हात लावू शकत नाही.

मावशी उठून बसली. "मारता येत नाई, पकडता येत नाई, हाकलता येत नाई. मंग तुमचा कायदा करते काय?"

"त्यांना राहू देतो, मावशी."

परत येताना ती म्हणाली, "मी नाई हात लावत. पन सोमवारी मशीन येऊन राह्यली त्या टेकाडावर. पांदनीच्या रस्त्याले मुरूम पाह्यजे. तुमाले मालूम नाई का?"

मला माहीत नव्हतं. टेकाड वनखात्याचं नव्हतं. गावाच्या ई-क्लासमध्ये, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीत होतं. मुरमाची परवानगी रीतसर निघालेली होती. आणि रस्ता कुणाच्या हौसेचा नव्हता. काळ्या मातीतली पांदण, शेतांकडे जाणारी गाडीवाट, पावसाळ्यात कशी होते ते ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. चिखलात बैल पोटापर्यंत रुततात. सरपंच गजाननभाऊ माझ्याशी नेहमी आदरानं बोलत, पण रस्त्याचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलायचा. आदल्या पावसाळ्यात त्यांची सून शेतातल्या घरून बाळंतपणाला निघाली, अॅम्ब्युलन्स डांबरी रस्त्यावर थांबून राहिली, आणि बैलगाडी पांदणीत फसली. ती गाडीतच, भर पावसात, ताडपत्रीखाली बाळंत झाली. बाळ आणि आई दोघं वाचली, पण त्या रात्रीपासून गजाननभाऊंनी रस्ता हेच एक काम धरलं होतं.

रविवारची रात्र मी कायदा वाचत काढली. प्रत्येक कलम, प्रत्येक व्याख्या. पक्ष्यांच्या अंड्यांचं नाव कायद्यात होतं, घरट्याचं नाव होतं. बिळाचं नाव कुठेच नव्हतं. लांडगा पहिल्या अनुसूचीत होता, पण त्याच्या घराला, ते अभयारण्याबाहेर असलं तर, कुणी काही म्हटलेलं नव्हतं. आमच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "जमीन आपली नाही, परवानगी त्यांच्याकडे आहे. समजावून बघा. भांडण नको." तेही चुकीचं बोलत नव्हते.

सोमवारी उजाडताच मी टेकाडाखाली जाऊन उभी राहिले. थोड्याच वेळात जेसीबीचा आवाज आला. मागे गजाननभाऊंची मोटारसायकल आणि गावातले आठ-दहा जण. मशीनचा पिवळा पंजा उंच धरलेला. आणि खरं सांगते, मला नुसती भीती वाटत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या उभं राहण्याला काही अर्थ आलेला होता.

"मॅडम, बाजूले व्हा," गजाननभाऊ म्हणाले. "परवानगी हाये. कागद दाखवू?"

"कागद खरा आहे भाऊ. पण टेकाडात लांडग्याची चार पिल्लं आहेत."

"असू द्या. पयतीन ते."

"महिन्याची नाहीत अजून. पळणार कुठे?"

गजाननभाऊ गाडीवरून उतरले. त्यांनी शांतपणे विचारलं, "बिळाचं गावात ऐकलं व्हतं, मी वकिलाले विचारून आलो. तुमच्या कायद्यात बिळाचं नाव कुठं हाये, ते दाखवा. दाखवलं तं वापस जातो."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी "आहे" म्हणू शकले असते. माझ्या अंगावर खाकी होतं, हातात जाड पुस्तक होतं; कुणी उघडून पाहिलं नसतं. पण माझ्या तोंडून निघालं, "नाही भाऊ. बिळाचं नाव नाही."

लोकांत कुजबुज झाली. कुणीतरी हसलं. मी पुढे म्हटलं, "बिळाचं नाही. पण आत जे आहेत त्यांचं आहे. पहिल्या यादीत, वाघाच्या सोबत. पंजा आत गेला आणि त्यातलं एक मेलं, तर ते वाघ मारल्यासारखंच आहे. आणि आत ते आहेत हे आता तुम्हाला ठाऊक आहे, मी सांगितलंय. मी तुम्हाला घाबरवत नाही भाऊ. मला बिळाबद्दल खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. हे पण खरंच बोलते आहे."

जेसीबीचं इंजिन बंद झालं. ड्रायव्हर खाली उतरला. "वाघावानी केस? मी नाई करत भाऊ. दुसरा ड्रायव्हर पाहा."

गजाननभाऊंचा चेहरा लाल झाला. "तुमाले रस्ता नोको व्हय ना मॅडम? माह्या सुनेनं पावसात, गाडीत..."

"मला रस्ता हवा आहे भाऊ," मी म्हटलं. "दीड महिना द्या. पिल्लं चालायला लागतील. तोवर मी दुसरा मुरूम शोधते. पावसाला अजून पाच महिने आहेत. रस्ता यंदाच होईल. झाला नाही तर गावासमोर उभं करा मला."

ते परत गेले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मशीन मात्र तिथेच सोडून गेले, टेकाडाकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लपून बसले तेव्हा बिळाशी हालचाल नव्हती. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी जवळ गेले. बिळाच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं होतं. पिल्लं नव्हती. मोठ्यांचे ठसे नाल्यापलीकडे जात होते, एका रेषेत, पुन्हा पुन्हा, जाऊन-येऊन. गलबला ऐकून त्यांनी एकेक पिल्लू तोंडात धरून हलवलं होतं. कुठे, ते ठाऊक नाही. चारही पोचली का, तेही ठाऊक नाही.

मी त्या रिकाम्या बिळापाशी मटकन बसले. इतका आटापिटा केला, आणि आता मी एका भोकाची राखण करत होते. ही गोष्ट त्या क्षणी फक्त मला माहीत होती. गजाननभाऊ बिळाजवळ येणार नव्हते. दीड महिना मी अशीच उभी राहिले असते, तर कुणाला कळलं नसतं. टेकाड वाचलं असतं, आणि पुढच्या वर्षी लांडगे त्याच बिळात परत आलेही असते, येतात असं जाणकार सांगतात. मी बराच वेळ बसले. मग गाडीला किक मारली आणि सरळ गजाननभाऊंच्या घरी गेले. ते अंगणात तुरीच्या पेंढ्या रचत होते. नातू खाटेवर झोपलेला होता.

"भाऊ, बीळ रिकामं झालं. ते निघून गेले. आता तुम्ही खणू शकता. माझा कायदा आता आड येत नाही."

त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. माझ्याकडे पाहतच राहिले. "हे सांगाले आल्या तुमी?"

"हो."

"मले कधी मालूम झालं असतं का?"

"नसतं झालं."

त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितला. चहा पिऊन त्यांनी कप खाली ठेवला. मग विचारलं, "परत येतीन का ते तिथं?"

"येऊ शकतात. बीळ राहिलं तर."

"हं," ते म्हणाले, आणि विषय संपला असं मला वाटलं.

मशीन सुरू झाली ती पुढच्या आठवड्यात. मी गेले नाही; माझ्यानं पाहवलं नसतं. दुपारी सुभद्रामावशी बकऱ्या घेऊन खोलीवरून जाताना ओरडली, "अवं मॅडम, पाहून या! तुमच्या भाऊनं मशीनचं तोंड फिरवलं!" मी धावतच गेले. गजाननभाऊंनी जेसीबी टेकाडाच्या पलीकडच्या अंगाला लावली होती. हिवराची बाजू, मुळं, बीळ, सगळं जागच्या जागी. मुरूम कमी पडणार हे त्यांना ठाऊक होतं. राहिलेला त्यांनी जुन्या तलावाच्या काठावरून आणला, त्याच्या परवानगीसाठी मी तहसिलीच्या इतक्या फेऱ्या मारल्या की तिथला शिपाई मला चहा विचारायला लागला. पेरणीच्या आधी पांदण पक्की झाली. त्या कामाच्या शेवटच्या दिवशी गजाननभाऊ मला म्हणाले, "बिळाचं नाव तुमच्या कायद्यात नाई. पन तुमी खरं बोलल्या, तं मलेबी काईतरी करनं पडते ना."

मी पुष्कळदा विचार करते त्या वाक्याचा. कायदा कुठपर्यंत येतो आणि कुठे थांबतो, हे मला त्या हिवाळ्यात त्या टेकाडावर दिसलं. पहिल्या अनुसूचीतल्या एका नावानं मशीन थांबवली. ते नाव नसतं तर माझ्या तोंडाकडे पाहून कुणी इंजिन बंद केलं नसतं. एक शब्द, कुठल्यातरी कागदावर, खूप वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला. पण बीळ रिकामं झाल्यावर तो शब्द पुरला नाही, तेव्हा टेकाड ज्यानं वाचवलं त्याच्यावर कुठलंही कलम लागू नव्हतं. दोन्ही लागलं. एकावर भागलं नसतं.

पुढच्या हिवाळ्यात ते परत आले. त्याच बिळात. मी मैत्रिणीला फोटो पाठवला, तेव्हा तिनं तीन वेळा फोन केला. त्यानंतर एक वर्ष नाही आले, मग पुन्हा आले. आता माळावर एकाहून जास्त जोड्या आहेत. धुऱ्यावर उभा लांडगा ही गावाला आता बातमी वाटत नाही. काही शेतकरी म्हणतात, यांच्यामुळे रानडुकरांची पिल्लं कमी झाली, हरभरा वाचतो. मी तसं छातीठोकपणे सांगणार नाही, पण ऐकायला मला आवडतं. आणि ते वाढले, म्हणून त्यांच्याबद्दलच्या तक्रारीही वाढल्या.

यंदाच्या सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला मी गेले होते. झेंडावंदन झालेलं, शाळेच्या पटांगणात सतरंज्या. सुभद्रामावशी पुढेच बसली होती. आता पाठ वाकली आहे, धार तशीच आहे. महिन्याभरात तिच्या दोन बकऱ्या गेल्या होत्या. ती काठी टेकत उभी राहिली.

"मॅडम, मले एक सांगा. ते कमी व्हते तवा तुमी त्याइले यादीत टाकलं. ठीक. आता तं लय झाले ना? मंग काढा आता त्याइले यादीतून."

सभेत बऱ्याच माना हलल्या. प्रश्न सरळ होता, आणि तो फक्त आमच्या गावाचा नव्हता; जिथे जिथे लांडगा परतला आहे तिथे कुणीतरी हा प्रश्न विचारत असणार. मी उभी राहिले. म्हटलं, "मावशी, यादी माझ्या हातात नाही, दिल्लीच्या हातात आहे. पण असती तरी मी काढलं नसतं. तुम्हीच मला सांगितलं होतं, पूर्वी रोज दिसत, आणि मग कधी गेले ते कळलंसुद्धा नाही. यादी गावापर्यंत पोचली नव्हती तेव्हाची गोष्ट ती. वाढले म्हणजे किती? या माळावर दोन-तीन जोड्या. एका उन्हाळ्यात कुणी दोन ढोरांत विष घातलं तर संपले. ते यादीमुळे वाढलेत. यादी काढली तर कशाच्या भरवशावर राहतील?"

"अन् मी कोनाच्या भरोशावर राहू?" मावशीनं विचारलं. "असं करा मंग. माह्या बकऱ्याइले बी टाका त्या यादीत. वाघ, लांडगा अन् सुभद्राच्या बकऱ्या."

सगळं पटांगण हसलं. मीही हसले, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले, कारण तिनं अगदी बरोबर मागितलं होतं. गजाननभाऊ आता सरपंच नाहीत, पण त्यांचा शब्द अजून चालतो. ते हसले नाहीत. उठून म्हणाले, "मावशी, यादी दिल्लीची हाये, पन ठराव आपला हाये. ग्रामसेवक, लिहा. ज्याच्या ज्याच्या बकऱ्या-मेंढ्या माळावर बसतात, त्याले गावाकून जाळीचा पक्का वाडा. अन् हिवराचं टेकाड मुरमाले कोनालेच द्याचं नाई, कायमचं." क्षणभर थांबून त्यांनी विचारलं, "कोनाचा इरोध?"

मावशीनं इकडेतिकडे पाहिलं. "वाडा आधी," ती म्हणाली. "टेकाड मंग लिहा." ग्रामसेवकानं तसंच लिहिलं. हात वर झाले. मी मोजले नाहीत. मला दिसतच नव्हतं नीट.

फेब्रुवारीत मावशीचा वाडा बांधायला घेतला. सहा फूट उंचीची जाळी, लोखंडी खांब, खाली दगडांची कड. मी सुट्टी काढून गेले होते. गजाननभाऊ खांब धरायचे, त्यांची सून दगड आणून द्यायची, मी घण घालायची. मावशी मधोमध उभी राहून सगळ्यांच्या चुका काढत होती. बकऱ्यांना तो वाडा मुळीच पसंत पडला नव्हता; एकेकीला शिंगाला धरून आत न्यावं लागत होतं. सूर्य तुरीच्या वाळक्या काड्यांच्या ढिगामागे टेकला होता. शेवटचे दोन खांब राहिले होते.

तेवढ्यात माळावरून आवाज आला. लांब, एकसारखा, चढत जाणारा. सगळ्यांचे हात थांबले. बकऱ्यांनी माना वर केल्या. दुसरा आवाज पहिल्यात मिसळला, मग तिसरा. माझ्या अंगावर काटा आला, दर वेळी येतो. आणि त्या तिघांच्या मागून एक बारीक, किनरा आवाज उठला, थोडा वर गेला, मध्येच चिरकला आणि बंद पडला. पुन्हा उठला. पुन्हा चिरकला.

गजाननभाऊंची सून फिसकन हसली. आम्ही सगळेच हसलो. मावशी कान देऊन ऐकत होती.

"याले आजून येत नाई," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "काय पाहून राह्यल्या? घाव घाला. अंधार पडते."

मी घण उचलला.